व्हॅक्यूम वाढवूनही लायो सायकल लांबली, असं का होतं?

इंजेक्शनची औषधं बनवणाऱ्या प्लांटमध्ये लायोचं, म्हणजे औषध गोठवून व्हॅक्यूममध्ये सुकवण्याचं, काम करणाऱ्या एकाने विचारलं आहे: "आमचं ट्रेहॅलोज (एक साखर) असलेलं प्रोटीन आहे, १० मिलीच्या व्हायलमध्ये ४ मिली फिल, घनभाग साधारण ५ टक्के. डेव्हलपमेंटच्या लायोफिलायझरमध्ये शेल्फ उणे २० अंश आणि प्रेशर १०० मिलीटॉर ठेवलं की प्रायमरी ड्राइंग ४२ तासांत संपायचं. प्लांटमध्ये तीच रेसिपी चालवली तर मधल्या व्हायल्समध्ये मेल्टबॅक आला, म्हणजे उरलेला बर्फ वितळून सुकलेलं औषध ओलं झालं. म्हणून व्हॅक्यूम वाढवला, प्रेशर ५० वर आणलं, तर ओल्या व्हायल्स उलट वाढल्या. जास्त व्हॅक्यूम म्हणजे जलद ड्राइंग, हे खोटं आहे का?"

खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. आणि या अर्ध्या सत्यापायी किती बॅच वाया जातात हे जवळून पाहिलं असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमचे खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, प्रेशर कमी केल्यावर ड्राइंग मंदावलं कसं? दुसरा, तीच रेसिपी डेव्हलपमेंटमध्ये चालली आणि प्लांटमध्ये का नाही? पहिल्याचं उत्तर आकडे मांडून देता येतं. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या मशीनवर, व्हायलवर आणि विशेषतः प्रेशर कोणत्या गेजने कंट्रोल होतं यावर अवलंबून आहे. ते मला इथे बसून दिसत नाही, म्हणून कुठे शोधायचं ते सांगतो.

आधी पहिला प्रश्न. प्रायमरी ड्राइंगमध्ये बर्फाची थेट वाफ होते. ही वाफ व्हायलमधून बाहेर का पडते? कारण बर्फाच्या पृष्ठभागावर वाफेचा दाब चेंबरमधल्या दाबापेक्षा जास्त असतो. या दोन दाबांतला फरक ओढ निर्माण करतो आणि वर तयार झालेला सुका केक, म्हणजे बर्फ गेल्यावर उरणारा सच्छिद्र थर, तिला अडवतो. म्हणजे वेग ठरतो तो बर्फावरचा दाब वजा चेंबरचा दाब, भागिले केकचा अडथळा. यातला बर्फावरचा दाब तुम्ही कुठेही सेट करत नाही. तो फक्त बर्फाच्या तापमानावर ठरतो, आणि तापमानाबरोबर विलक्षण झपाट्याने बदलतो: उणे ४० अंशांना सुमारे ९७ मिलीटॉर, उणे ३५ ला १६७, उणे ३० ला २८६, उणे २५ ला ४७५. दहा अंशांत जवळजवळ तिप्पट. म्हणूनच प्रॉडक्ट एक अंशाने गरम चाललं तर प्रायमरी ड्राइंगचा वेळ साधारण १३ टक्क्यांनी घटतो, असा ठोकताळा या क्षेत्रात वापरतात. चेंबरचं प्रेशर १०० वरून ५० केलं तर मिळून मिळून ५० मिलीटॉर मिळतात. बर्फ तीन अंशांनी थंड झाला तर तेवढे किंवा त्याहून जास्त हातचे जातात.

आता बर्फ थंड का होतो ते बघा. एक ग्रॅम बर्फाची वाफ व्हायला सुमारे ६७६ कॅलरी लागतात. ही उष्णता शेल्फमधूनच यायला हवी. व्हायलचा तळ सपाट नसतो, मधे किंचित वर उचललेला असतो, त्यामुळे काच शेल्फला प्रत्यक्ष टेकते ती अगदी थोड्या जागी. बाकी सगळीकडे बारीक फट असते. उष्णता तीन वाटांनी येते: काच टेकते तिथून थेट, आजूबाजूच्या पृष्ठभागांच्या किरणोत्सर्गाने, आणि त्या फटीतल्या विरळ वायूच्या रेणूंमार्फत. यातली तिसरी वाट प्रेशरवर अवलंबून असते. फटीत रेणू कमी झाले की उष्णता वाहून नेणारेच कमी झाले. १९८० च्या दशकात इलाय लिलीमध्ये असताना मायकेल पिकल यांनी व्हायलमधल्या उष्णतेचा आणि वाफेचा हा हिशोब पद्धतशीर मांडला. आज आपण ज्याला केव्ही म्हणतो तो व्हायलचा उष्णता-गुणांक त्यातूनच रुळला. १०० वरून ५० मिलीटॉरवर आलं की नेहमीच्या ट्यूब्युलर व्हायलचा केव्ही साधारण पाव हिस्सा उतरतो.

आता तुमच्याच फिलवर हिशोब करून पाहू. व्हायलच्या आतलं क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटिमीटर, बर्फ ३.८ ग्रॅम, आणि ५ टक्के साखरेच्या केकचा सरासरी अडथळा अशा फिलला असतो तेवढा, असं मी धरलं आहे. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण कल हाच राहील.

शेल्फ उणे २०, प्रेशर १००: बर्फ स्थिरावतो सुमारे उणे ३२.६ ला. तिथे त्याचा दाब २१७ मिलीटॉर. ओढ ११७. वेळ अंदाजे ४२ तास, म्हणजे तुमच्या डेव्हलपमेंटच्या आकड्याच्या आसपास.

शेल्फ उणे २० च, प्रेशर ५०: उष्णता कमी पोचते, बर्फ उणे ३५.५ पर्यंत उतरतो, त्याचा दाब १५८ होतो. ओढ १०८. वेळ साधारण ४६ तास.

म्हणजे चेंबरमधून ५० मिलीटॉर काढले, पण बर्फावरचे ५९ घालवले. तुमच्या ओल्या व्हायल्सचं मूळ इथे आहे. व्हॅक्यूम पंपाने काम चोख केलं, पण उष्णतेची वाट आपणच अरुंद केली.

याच हिशोबाची पुढची ओळ महत्त्वाची आहे. प्रेशर ५० ठेवून शेल्फ उणे १० ला नेला, तर बर्फ सुमारे उणे ३३ ला राहतो, म्हणजे मूळ रेसिपीपेक्षाही किंचित थंड. ओढ मात्र १५८ होते आणि वेळ ३२ तासांच्या आसपास येतो. प्रॉडक्ट सुरक्षित आणि सायकल दहा तासांनी लहान. कमी प्रेशरचा फायदा खरा आहे, तो फक्त शेल्फ सोबत वाढवला तरच पदरात पडतो. एकट्या प्रेशरचं बटण फिरवून उपयोग नाही.

आणि शेल्फ उणे १० करून प्रेशर १०० च ठेवलं तर? वेळ २६ तासांवर येईल, पण बर्फ उणे ३० ला पोचेल. ट्रेहॅलोजच्या गोठलेल्या द्रावणाचा काचसंक्रमण बिंदू, ज्याला आपण टीजी-प्राइम म्हणतो आणि ज्याच्या वर काचेसारखा घट्ट भाग मऊ पडतो, उणे २९-३० च्याच आसपास असतो. तिथे केक खचतो, म्हणजे कोलॅप्स. शिवाय मी केकचा अडथळा सरासरी धरला आहे. प्रत्यक्षात सुका थर जाड होत जातो तसा अडथळा वाढतो, वाफ मंदावते, उष्णता खपत नाही आणि शेवटच्या टप्प्यात बर्फ आणखी दोनेक अंश वर सरकतो. म्हणून मी कोलॅप्सच्या तापमानाखाली दोन-तीन अंशांची मोकळीक सोडल्याशिवाय कुठलीही रेसिपी प्लांटला देत नाही. तुमच्या प्रॉडक्टचं कोलॅप्स तापमान फ्रीझ-ड्राइंग मायक्रोस्कोपखाली पाहिलेलं आहे का, हे डेव्हलपमेंटला विचारा. प्रोटीनचं प्रमाण जास्त असेल तर ते तापमान वर सरकतं. बफरमध्ये मीठ असेल तर चांगलंच खाली येतं. हा एक आकडा हाताशी नसेल तर बाकी सगळा खटाटोप अंदाजपंचे होतो.

आता दुसरा प्रश्न, तीच रेसिपी प्लांटमध्ये का अडखळली. पहिली शंका मला गेजची येते. बहुतेक डेव्हलपमेंट मशीन्स कपॅसिटन्स मॅनोमीटरवर प्रेशर कंट्रोल करतात. तो खरा दाब सांगतो, वायू कोणताही असो. पण काही जुन्या प्लांट मशीन्सचा कंट्रोल पिरानी गेजवर असतो. पिरानी वायूच्या उष्णता-वहनावरून दाब ओळखतो आणि तो नायट्रोजन किंवा हवेवर कॅलिब्रेट केलेला असतो. प्रायमरी ड्राइंगमध्ये चेंबरमध्ये जवळजवळ सगळी पाण्याचीच वाफ असते, आणि वाफेत पिरानी सुमारे १.६ पट दाखवतो. म्हणजे पॅनलवर १०० दिसत असताना खरा दाब ६० च्या आसपास असतो. तुम्ही ५० सेट केलात तेव्हा तो तीसच्या घरात गेला असेल. तसं असेल तर बदल करण्याआधीच तुमचा प्लांट डेव्हलपमेंटपेक्षा कमी प्रेशरवर आणि म्हणून कमी उष्णतेवर चालत होता. इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला सोबत घेऊन कंट्रोल लूपला कोणता सेन्सर जोडला आहे ते डोळ्यांनी बघा. पी अँड आयडी ड्रॉइंगवर (पाइप आणि उपकरणांच्या नकाशावर) विसंबू नका, नंतरच्या बदलांत सेन्सर बदललेला असतो आणि ड्रॉइंग जुनंच राहतं.

दुसरी शंका गोठण्याची, आणि याकडे सर्वात कमी लक्ष जातं. केकचा अडथळा ठरतो तो छिद्रांच्या आकारावर, आणि छिद्रं म्हणजे बर्फाच्या स्फटिकांनी मागे सोडलेल्या जागा. स्फटिक मोठे तर वाट मोकळी. पाणी गोठणबिंदूखाली बरंच थंड होऊनही द्रव राहतं आणि मग एकदम गोठतं. जितकं खाली जाऊन गोठेल तितके स्फटिक बारीक. डेव्हलपमेंट लॅबच्या हवेत धूळ असते, द्रावण तितकं बारीक गाळलेलं नसतं, व्हायल्स डीपायरोजिनेशन टनेलमधून (काच भाजणाऱ्या भट्टीतून) आलेल्या नसतात. अशा व्हायल्समध्ये बर्फ बी धरायला काहीतरी सापडतं आणि त्या लवकर गोठतात. ग्रेड ए च्या, म्हणजे सर्वात स्वच्छ, हवेखाली ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून आलेलं द्रावण धुतलेल्या, भाजलेल्या काचेत पडतं, तेव्हा ते लॅबपेक्षा कित्येक अंश खाली जाऊन गोठतं. निर्जंतुकतेसाठी आपण जे करतो तेच ड्राइंगच्या मुळावर येतं. फ्रीझिंगची रेसिपी अक्षरशः सारखी असूनही प्लांटचा केक डेव्हलपमेंटपेक्षा दाट निघतो तो यामुळे.

यावर दोन उपाय. एक, ॲनीलिंग: गोठल्यावर शेल्फ टीजी-प्राइमच्या वर, पण वितळण्याच्या बराच खाली नेऊन काही तास धरायचा. छोटे स्फटिक विरून मोठ्यांना मिळतात, आणि उशिरा व लवकर गोठलेल्या व्हायल्समधला फरकही कमी होतो. मॅनिटॉल असलेल्या फॉर्म्युलेशनमध्ये हे तसंही हवंच, कारण मॅनिटॉल पूर्ण स्फटिक व्हावा लागतो. तुमच्याकडे प्रोटीन आहे, तेव्हा त्या तापमानाला प्रोटीन टिकतं का, एकत्र येऊन गोळे होतात का, हे आधी तपासूनच. दुसरा उपाय म्हणजे कंट्रोल्ड न्यूक्लिएशन, म्हणजे सगळ्या व्हायल्सना ठरवलेल्या तापमानाला एकदमच गोठायला लावणं. त्याची सोय मशीनमध्ये असेल तर उत्तमच, पण ती बसवून घेणं, व्हॅलिडेट करणं हा मोठा प्रकल्प आहे. तुमच्या या बॅचच्या अडचणीवर तो तातडीचा इलाज नव्हे.

तिसरी शंका कडेच्या व्हायल्सची. मांडणीच्या कडेला असलेल्या व्हायलला चेंबरच्या भिंतींकडून आणि दाराकडून जास्तीची उष्णता मिळते, ती आधी सुकते. दहा बाय दहाच्या चौकोनी मांडणीत शंभरातल्या ३६ व्हायल्स कडेच्या. शंभर बाय शंभरच्या मांडणीत दहा हजारांतल्या ३९६, म्हणजे चार टक्के. डेव्हलपमेंटमध्ये अर्धा ट्रे भरून सायकल ठरवली असेल, तर ४२ तासांचा आकडा बऱ्याच अंशी कडेच्या व्हायल्सचा आहे. प्लांटमध्ये मेल्टबॅक मधल्या व्हायल्समध्येच यावा हे त्याच्याशी अगदी जुळतं. शेल्फ जितका थंड तितका भिंतीच्या उष्णतेचा वाटा मोठा, आणि उणे २० चा शेल्फ थंडच म्हणायचा. दाराचाही प्रश्न आहे: छोट्या मशीनचं पारदर्शक ॲक्रिलिकचं दार पॉलिश केलेल्या स्टीलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता किरणोत्सर्गाने आत टाकतं.

इथेच प्रॉडक्ट प्रोबचं, म्हणजे व्हायलमध्ये घातलेल्या तापमापकाचं, सांगतो. प्लांटमध्ये प्रोब कुठे लावतात? ऑपरेटरचा हात पोचतो तिथे, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या रांगेत, कडेला. शिवाय ज्या व्हायलमध्ये प्रोबची तार आहे तिथे बर्फाला बी धरायला ती तारच मिळते, ती व्हायल लवकर गोठते, स्फटिक मोठे होतात आणि ती आपल्या शेजाऱ्यांच्या आधी सुकते. म्हणजे प्रोबचं तापमान शेल्फला जाऊन मिळालं तेव्हा ड्राइंग संपलं ते फक्त त्या व्हायलचं. त्यावर भरवसा ठेवून सेकंडरी (शेल्फ तापवून उरलेला ओलावा काढण्याचा पुढचा टप्पा) सुरू केलं की मधल्या व्हायल्समध्ये बर्फ शिल्लक असतानाच शेल्फ वर चढतो आणि मेल्टबॅक ठरलेला.

शेवट ओळखायचा तर दोन्ही गेज एकत्र वाचा. मगाशी पिरानीचा जो दोष सांगितला तोच इथे कामाला येतो. कंट्रोल कपॅसिटन्सवर १०० ठेवा आणि पिरानी नुसता बघत राहा. ड्राइंग जोरात असताना तो १६० च्या आसपास दिसेल. बर्फ संपत आला की वाफेची जागा बाहेरून सोडलेला नायट्रोजन घेतो आणि पिरानी उतरू लागतो. तो उतरायला लागला म्हणजे संपलं असं समजू नका, त्या वेळी फक्त कडेच्या व्हायल्स सुकलेल्या असतात. तो पार खाली येऊन सपाट झाल्यावर आणि त्यावर काही तासांचं जास्तीचं धरणं देऊन मगच सेकंडरीकडे जा. हे जास्तीचे तास प्रॉडक्शनला नेहमी खुपतात, पण एका फेल बॅचपुढे ते काहीच नाहीत.

कंडेन्सरबद्दल, म्हणजे वाफ पुन्हा बर्फ करून पकडणाऱ्या भागाबद्दल, थोडक्यात, कारण प्लांटमध्ये तो आणखी थंड करा असा आग्रह हमखास होतो. उणे ६० ला बर्फावरचा दाब ८ मिलीटॉर असतो. चेंबर ५० किंवा १०० वर असताना कंडेन्सर उणे ६० वरून उणे ७५ ला नेऊन ड्राइंगला फारसा फरक पडत नाही. उलट पूर्ण लोडवर वाफेच्या भाराने तो उणे ४५ पर्यंत चढला तर तिथला दाब ५० च्या वर जातो आणि मग तुम्ही चेंबर ५० वर धरूच शकत नाही. तेव्हा ट्रेंडमध्ये प्रायमरीच्या पहिल्या काही तासांतलं कंडेन्सरचं तापमान बघा, तेव्हाच वाफ सर्वात जास्त सुटते.

त्याच तासांत चेंबरचं प्रेशर सेटपॉइंटवर टिकतं का, हेही पाहा. चेंबर आणि कंडेन्सर यांना जोडणाऱ्या नळीतून वाफ ध्वनीच्या वेगाने वाहू लागली की त्याहून जास्त जाऊच शकत नाही. मग पंप कितीही ओढोत, प्रेशर आपोआप चढतं, प्रॉडक्टही गरम होतं. ५० मिलीटॉर आणि उणे १० शेल्फ हा मी वर दाखवलेला जोड कागदावर छान दिसतो, पण दहा हजार व्हायल्समधून प्रत्येकी ताशी ०.१२ ग्रॅम म्हणजे १.२ किलो वाफ होते. सुरुवातीला, केक पातळ असताना, त्याहून जास्त. तुमची नळी कमी प्रेशरवर एवढी वाफ नेते का, हे नुसत्या पाण्याच्या व्हायल्स किंवा ट्रे भरून आधी तपासून घ्या. नेत नसेल तर ६५-८० मिलीटॉर आणि उणे १४-१५ शेल्फ असा मधला जोड शोधावा लागेल. माझ्या मते बहुतेक प्लांटसाठी असा मधला जोडच बरा पडतो, कारण अगदी कमी प्रेशरवर किरणोत्सर्गाचा वाटा वाढतो आणि कडेच्या व मधल्या व्हायल्समधली तफावत रुंदावते.

फिलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या प्रॉडक्टसाठी लक्षात असू द्या. ४ मिली म्हणजे तुमच्या व्हायलमध्ये सुमारे एक सेंटिमीटर खोली, ती ठीक आहे. ती दुप्पट केली तर वेळ दुपटीहून जास्त लागतो, कारण खालच्या बर्फाची वाफ संपूर्ण सुक्या थरातून वर यावी लागते. मार्केटिंगने डोस वाढवायला सांगितला तर उंची वाढवण्यापेक्षा रुंद व्हायल मागा. घनभाग १० टक्क्यांच्या पुढे नेणंही असंच महागात पडतं.

तुमच्या जागी मी असतो तर आधी गेजचा निकाल लावला असता. प्लांटचा कंट्रोल पिरानीवर निघाला, तर तो कपॅसिटन्सवर आणून मूळ रेसिपी, म्हणजे उणे २० आणि खरे १०० मिलीटॉर, प्लासिबो (औषधाविना) बॅचवर पुन्हा चालवली असती, ड्राइंगचा वेळ पिरानीचा उतार संपेपर्यंत मोकळा सोडून. त्यातून मधल्या व्हायल्सना खरे किती तास लागतात ते कळेल. प्रत्येक शेल्फच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून नमुने काढून कार्ल फिशरवर ओलावा बघा, नुसता सरासरी आकडा नको. शेल्फ आणि प्रेशर एकत्र हलवण्याचा प्रयोग त्यानंतरचा, आणि तो डेव्हलपमेंट मशीनमध्ये पूर्ण शेल्फ भरून, चेंज कंट्रोलमध्ये नोंदवून. स्टॅबिलिटी बॅच लागेल, हे क्यूएला (क्वालिटी विभागाला) आधीच सांगून ठेवा.

एक गोष्ट मात्र या प्रयोगात मिसळू नका. ओलावा जास्त आला, पण केक शाबूत असेल, तळाशी वितळल्याची खूण नसेल, तर तो प्रश्न सेकंडरी ड्राइंगचा आहे, आणि तिथे चेंबरचं प्रेशर खाली नेऊन जवळपास काहीच हाती लागत नाही. तिथे बर्फ नसतो, ट्रेहॅलोजमध्ये अडकलेलं पाणी सुटायचं असतं. त्याला हवं तापमान आणि सुक्या केकचं क्षेत्रफळ. ॲनीलिंग केलेल्या केकची छिद्रं मोठी, म्हणून क्षेत्रफळ कमी, म्हणून प्रायमरीत वाचवलेले काही तास सेकंडरीत परत द्यावे लागतात. तापमान सावकाश, मिनिटाला ०.१ ते ०.१५ अंश या गतीने चढवा, कारण सुरुवातीला केक ओलसर असतो आणि त्या अवस्थेत घाई केली तर बर्फ संपूनही तो खचू शकतो.